देव मानणाऱ्या मुलांना डिप्रेशन येत नाही? त्या व्हायरल फॉरवर्डमागचं खरं संशोधन, सोप्या भाषेत

आमच्या फॅमिली ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला, तुमच्याकडेही आला असेल. "अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठाने सिद्ध केले, देवभक्त मुलांना डिप्रेशन होत नाही." खाली हात जोडलेले. अर्ध्या तासात सगळ्या मावश्या-काकांचे अंगठे पडले, मग एका भावाने लिहिलं की हे सगळं थोतांड आहे, मग जे व्हायचं तेच झालं, भांडण. मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला विज्ञान शिकवते, म्हणून दोन्ही बाजूंनी मला टॅग केलं की तूच सांग खरं काय ते.

मी मूळ संशोधन शोधून वाचलं, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे, का ते पुढे सांगते. वाचल्यावर कळलं की फॉरवर्ड करणारे चुकलेत आणि थोतांड म्हणणाराही चुकलाय. संशोधन खरं आहे, चांगल्या लोकांनी मेहनतीने केलेलं आहे, फक्त ते जे सांगतंय ते या फॉरवर्डमध्ये नाहीच.

आधी हे संशोधन कुणाचं

मायर्ना वाइसमन म्हणून कोलंबिया विद्यापीठातल्या एक संशोधक आहेत. सुरुवात सोशल वर्कर म्हणून केली, मग येल विद्यापीठातून १९७४ मध्ये एपिडेमियॉलॉजीत पीएचडी. एपिडेमियॉलॉजी म्हणजे आजार कुणाला होतो, किती जणांना होतो, कशामुळे वाढतो हे मोजायचं शास्त्र. कॉलरा-मलेरियाची मोजणी होते हे आपल्याला माहिती आहे, या बाईंनी तशीच मोजणी डिप्रेशनची केली, आणि हे त्या काळात केलं जेव्हा बरेच लोक डिप्रेशनला आजारच मानत नव्हते.

१९८२ च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात त्यांनी काही कुटुंबं निवडली. काही घरांत आई किंवा वडील डिप्रेशनसाठी उपचार घेत होते, आणि तुलनेसाठी त्याच भागातली अशी घरं जिथे हा आजार नव्हता. मग त्या घरांतल्या मुलांकडे काही वर्षांनी गेले, परत काही वर्षांनी गेले, परत गेले, मुलांची मुलं झाली तरी जात राहिले, असं तीस वर्षांच्या वर चाललं. आपल्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलने पोरांची उंची लिहून ठेवतात ना, दर वाढदिवसाला एक रेघ? एखाद्या फोटोवरून एवढंच कळतं की आज कोण उंच आहे, कोण कधी आणि किती वाढलं ते चौकटीवरच्या रेघा सांगतात. तसा हा चौकटीवरच्या रेघांचा अभ्यास आहे, म्हणून त्याला वजन आहे.

त्यातून पहिली मोठी गोष्ट कळली ती ही की आईवडिलांपैकी कुणाला डिप्रेशन असेल तर मुलांना ते व्हायचा धोका साधारण तिप्पट असतो. आणि डिप्रेशन म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे हे एकदा लिहून टाकते, दोन आठवडे किंवा जास्त दिवस मन जड, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण काही कामाचे नाही असं सतत वाटणं, कधीकधी जगणंच नको वाटणं, यातली बरीच लक्षणं मिळून तो आजार.

मग पुढचा प्रश्न साहजिक आहे. धोका तिप्पट असलेल्या या मुलांपैकीही सगळी काही आजारी पडली नाहीत. जी सावरली ती कशामुळे?

एक साधा प्रश्न विचारला

लिसा मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञ वाइसमन यांच्यासोबत यावर काम करत होत्या. अभ्यासाच्या १० व्या वर्षी त्या मुलांना, जी तोवर मोठी झाली होती, इतर बऱ्याच प्रश्नांबरोबर तीन गोष्टी विचारल्या होत्या. धर्म किंवा अध्यात्म तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे? चर्चला वगैरे किती वेळा जाता? आणि पंथ कुठला?

२० व्या वर्षी परत तपासलं, आणि निकाल २०१२ मध्ये छापून आला. एकूण ११४ जण. ज्यांनी "माझ्यासाठी खूप महत्त्वाचं आहे" असं सांगितलं होतं त्यांना पुढच्या दहा वर्षांत डिप्रेशन येण्याचा धोका इतरांच्या साधारण एक चतुर्थांश निघाला. ज्यांच्या आईवडिलांना डिप्रेशन होतं त्यांच्यात तर फरक अजून मोठा, सुमारे ९० टक्के कमी. आणि चर्चला किती वेळा जाता, पंथ कुठला, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता त्या फॉरवर्डवाल्यांनी जे वाचलंच नाही ते सांगते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. हा फायदा मुख्यतः डिप्रेशन *परत* येण्याच्या बाबतीत दिसला, पहिल्यांदा होण्याच्या बाबतीत तेवढा नाही. म्हणजे ज्यांना एकदा तो आजार होऊन गेला होता, त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. श्रद्धा महत्त्वाची मानणाऱ्या माणसालाही डिप्रेशन होऊ शकतं, होतं, हे त्याच पेपरात आहे!

घाटात पावसाळ्यात दरड कोसळते तिथे लोखंडी जाळी लावलेली बघितली असेल तुम्ही. जाळी लावली म्हणून पाऊस पडायचा थांबत नाही, डोंगर एकदा खिळखिळा झालाय तो झालाच आहे, आणि अख्खा कडाच खाली आला तर जाळीही त्याच्यासोबत येईल. पण सुटणारे दगड रस्त्यावर येण्याचं प्रमाण कमी होतं. फॉरवर्डमध्ये लिहिलंय की जाळी असली की दरडच कोसळत नाही.

मग मुलांचं काय? वरची सगळी तर मोठी माणसं

बरोबर. लहान आणि किशोरवयीन मुलांबद्दल २०१८ चा पेपर आहे, कॉनी स्वोब आणि वाइसमन यांच्या टीमचा, त्याच कुटुंबांमधला. ११२ कुटुंबांतली २१४ मुलं, आणि विषय फार नाजूक, मुलांच्या मनात येणारे आत्महत्येचे विचार आणि तसे प्रयत्न. दिसलं असं की ज्या घरात *आईवडिलांना* धर्म-अध्यात्म महत्त्वाचं वाटत होतं तिथे मुलांमध्ये हा धोका सुमारे ३९ टक्के कमी होता, आणि मूल स्वतः देव मानतं की नाही यावर ते अवलंबून नव्हतं. आईवडिलांना डिप्रेशन आहे का, घटस्फोट झालाय का, हे हिशोबात धरल्यावरही फरक टिकला. मुलींमध्ये त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेचाही संबंध दिसला, मुलग्यांमध्ये तो दिसला नाही.

३९ टक्के म्हणजे १०० मधली ३९ मुलं वाचली असं समजू नका हं, हे टक्के तुलनेचे आहेत. समजा एका गटात १०० पैकी १० मुलांना असा त्रास झाला असता, तर दुसऱ्या गटात तो साधारण ६ मुलांना झाला, असा त्याचा अर्थ. (हे १० आणि ६ मी समजावण्यासाठी घेतलेत.) चार पोरांचा फरक मोठाच आहे, चार घरं आहेत ती. पण सहा पोरं अजून तिथेच आहेत हे विसरून कसं चालेल?

इन्व्हर्टरमुळे मार्क वाढतात का?

माझ्या भावाचा आक्षेप हा होता आणि तो रास्त आहे. आमच्या वर्गात ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्या मुलांना सरासरी मार्क जास्त पडतात. म्हणून इन्व्हर्टरने मार्क वाढतात का? इन्व्हर्टर घेऊ शकणाऱ्या घरात क्लासची फी असते, वेगळी खोली असते, आईवडील शिकलेले असतात. तसंच श्रद्धाळू घरात कदाचित रोज संध्याकाळी सगळे एकत्र बसत असतील, दारू कमी असेल, अडीअडचणीला धावून येणारी माणसं जास्त असतील, आणि खरं काम तेच करत असेल.

संशोधक हे जाणतात, म्हणून जमेल तेवढ्या बाकीच्या गोष्टी हिशोबातून वजा करतात. पण मोजलेलंच वजा करता येतं, जे मोजलंच नाही ते राहतं. या प्रकारच्या अभ्यासात "यामुळे ते झालं" असं छातीठोक म्हणता येत नाही, "हे आणि ते सोबत दिसतं" एवढंच म्हणता येतं, आणि कुणाला श्रद्धा चिठ्ठी टाकून वाटून देता येत नाही म्हणून खरा प्रयोग करणं अवघडच आहे.

दुसरी शंका उलट्या बाजूची. ताप आलेलं पोर मैदानावर खेळायला जात नाही. मैदानावरची सगळी पोरं ठणठणीत दिसली म्हणून मैदानाने ताप बरा होतो असं नसतं. डिप्रेशन आलेल्या मुलाचा सगळ्यातलाच रस जातो, देवातलाही जातो, मग प्रश्न विचारला की ते म्हणणार, काही महत्त्वाचं वाटत नाही. इथे मात्र चौकटीवरच्या रेघा कामी येतात, कारण प्रश्न आधी विचारला आणि आजार नंतरच्या दहा वर्षांत मोजला. शंका पूर्ण जात नाही, पण बरीच कमी होते.

मेंदूचा एमआरआय काढूनही बघितलंय, २०१४ चा पेपर आहे, १०३ जणांचा. मेंदूवरचं करड्या रंगाचं आवरण, कॉर्टेक्स, काही मिलिमीटर जाडीचं असतं. श्रद्धा महत्त्वाची म्हणणाऱ्यांमध्ये ते काही भागांत जास्त जाड दिसलं. इथेही चर्चला जाण्याच्या संख्येशी संबंध नाहीच. पण जाड आवरण आधी की श्रद्धा आधी हे त्यावरून कळत नाही, त्यामुळे "प्रार्थनेने मेंदू वाढतो" असे व्हिडिओ आले तर पुढे पाठवू नका, प्लीज.

शितावरून भाताची परीक्षा

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा, पण शीत त्याच भांड्यातलं पाहिजे. वाइसमन यांचं भांडं न्यू हेवनचं, गोऱ्या, बहुतेक कॅथलिक नाहीतर प्रोटेस्टंट कुटुंबांचं, आणि माणसं शे-दोनशे. ते शीत दाबून आपल्या सांगली-सोलापूरचा, गडचिरोलीचा, मडगावचा भात शिजलाय का हे कसं सांगणार?

त्यात आपल्याकडे धर्म म्हणजे फक्त आत काय वाटतं तेवढं नसतं. सण, उपास, जात, सोवळं, घरातली कामाची वाटणी, मुलीने पाळीत देवाजवळ जायचं की नाही, हे सगळं त्यात गुंतलेलं असतं. "तुमच्यासाठी किती महत्त्वाचं" हा प्रश्न आपल्या दहावीतल्या मुलीला विचारला तर ती स्वतःचं उत्तर देईल की घरचं, हे मला तरी नक्की सांगता येत नाही.

अमेरिकेतसुद्धा सगळे निकाल एकसारखे नाहीत. हार्वर्डच्या यिंग चेन आणि टायलर व्हँडरवील यांनी २०१८ मध्येच एक बराच मोठा अभ्यास छापला, ५,००० पेक्षा जास्त मुलं, ८ ते १४ वर्षं पाठपुरावा. त्यात लहानपणी दर आठवड्याला प्रार्थनेला जाणाऱ्या मुलांनी विशीत आपण जास्त आनंदी असल्याचं सांगण्याची शक्यता १८ टक्के जास्त निघाली. म्हणजे इथे जाण्याने फरक दिसला, वाइसमन-मिलर यांच्या २०१२ च्या पेपरात दिसला नव्हता. मोजायची पद्धत वेगळी, वयं वेगळी, त्यामुळे असं होतं, आणि म्हणूनच एका पेपरवर "सिद्ध झालं" म्हणायचं नसतं.

देवच जेव्हा ओझं होतो

आता मी का वाचत बसले ते सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहितेय. घर वारकरी, आजीच्या गळ्यात माळ, पोरीला हरिपाठ तोंडपाठ. दहावीच्या सहामाहीनंतर ती बोलायची बंद झाली. वही उघडी, पेनाचं टोपण हातात, आणि अख्खा तास ते टोपण लावते, काढते, लावते, काढते. एक दिवस मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही, मीच बाहेर गेले तर म्हणाली, "मॅडम, मी रोज सगळं म्हणते, तरी मला आतून काहीच वाटत नाही. देवाला मी नको आहे का?"

मला काही बोलताच येईना. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, आमच्या देवाधर्माच्या घरात असलं काही होत नसतं, तिने मनापासून म्हणायला पाहिजे. वाईट माणूस नाही तो, घाबरलेला होता. पण पोरीच्या आजारावर आता अपराधीपणाचं ओझंही आलं, आधीच झोप नाही, वर आपली भक्ती खोटी.

यालाही संशोधनात नाव आहे. केनेथ पार्गमेंट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी संकटात माणसं श्रद्धा कशी वापरतात याचे दोन प्रकार सांगितले. एकात देव सोबत आहे असं वाटतं आणि बळ येतं. दुसऱ्यात देव शिक्षा देतोय, देवाने टाकून दिलं असं वाटतं. हा दुसरा प्रकार जास्त त्रासाशी जोडलेला दिसतो. श्रद्धा तीच, घर तेच, कधी आधार देते आणि कधी खाली ओढते. तो फॉरवर्ड त्या मुलीच्या हातात पडला असता तर तिने काय अर्थ घेतला असता याचा विचार करा. भक्तांना डिप्रेशन होत नाही, मला झालंय, म्हणजे मी भक्त नाही. म्हणून मला त्याचा एवढा राग आला.

आमच्या घरी देव मानत नाहीत, मग आमच्या पोरांचं काय?

ग्रुपमधल्या भावाने हे विचारलं, त्याच्या आवाजात काळजी होती. घाबरायचं काही कारण नाही. एक तर प्रश्नच "धर्म किंवा अध्यात्म" असा होता. अध्यात्म म्हणजे इथे एवढंच समजा, आपल्यापेक्षा मोठ्या कशाशी तरी आपण जोडलेलो आहोत ही भावना. ती कुणाला विठ्ठलात मिळते, कुणाला निसर्गात, कुणाला माणसांसाठी काम करण्यात. दुसरं, तुलना गटागटाची आहे, एकेका घराचं भविष्य त्यात नाही. आणि नास्तिक आईबापाने पोरासाठी म्हणून खोटं खोटं देवासमोर बसावं असं तर यातून मुळीच निघत नाही, कारण वाइसमन यांच्या अभ्यासात फरक दिसला तो मुख्यतः आतून वाटणाऱ्या महत्त्वाने, आणि पोरांना आपलं खोटं लगेच कळतं.

२०१८ च्या पेपरातली आईवडिलांची गोष्ट मी परत परत वाचली. मुलाला स्वतःला काही वाटो न वाटो, आईबापाला जगण्यात काही मोलाचं वाटतं, हे मुलापर्यंत कसंतरी पोचतं. कसं पोचतं ते पेपर सांगत नाही. माझा अंदाज असा की ते सोबत बसण्यातून पोचत असेल, सक्तीने पाठांतर करून घेण्यातून नाही. पण तो माझा, एका मास्तरणीचा अंदाज.

मग शाळेतच ध्यानाचा तास सुरू करू या का?

आमच्या मीटिंगमध्ये हा विषय दर वर्षी निघतो. ब्रिटनमध्ये हे करून बघितलं, ८० च्या वर शाळा, ११ ते १४ वयाची ८,००० हून जास्त मुलं. अर्ध्या शाळांत शिक्षकांना ट्रेनिंग देऊन माइंडफुलनेस शिकवलं, म्हणजे श्वासाकडे, चालू क्षणाकडे लक्ष द्यायचा सराव. २०२२ मध्ये निकाल आला, नेहमीच्या तासांपेक्षा याने मुलांच्या मानसिक आरोग्यात काही जास्त फरक पडला नाही, आणि बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता. ध्यान वाईट आहे असं त्यावरून म्हणता येत नाही, ज्याला हवंय त्याने जरूर करावं. पण वेळापत्रकात तास टाकला, घंटा झाली, डोळे मिटा, असं करून आतली गोष्ट आत जात नाही एवढं दिसतं.

उपचाराचं काय

श्रद्धेवर एवढं लिहिणाऱ्या वाइसमन बाईंनी स्वतः उपचार म्हणून काय बनवलं ते बघा. पती जेराल्ड क्लेरमन यांच्यासोबत त्यांनी इंटरपर्सनल थेरपी उभी केली, थोडक्यात आयपीटी. पेशंटच्या आयुष्यातली नाती बघायची, कुणी गेलंय का, कुणाशी सतत वाद आहे का, आयुष्यात मोठा बदल झालाय का, एकटेपण आहे का, आणि आजाराची सुरुवात यातल्या कशाशी जोडलेली आहे ते धरून ठराविक आठवडे बोलत काम करायचं. हीच थेरपी आपल्या शेजारी गोव्यात पोचली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक लोकांना ट्रेनिंग देऊन समुपदेशक केलं, जास्त त्रास असलेल्या पेशंटना ते आयपीटी द्यायचे, आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या पेशंटना त्या सगळ्या व्यवस्थेचा चांगला फायदा झाला. मोठ्यांसाठीचं काम होतं ते, २०१० मध्ये छापून आलं.

आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये ७.३ टक्के जणांना काही ना काही मानसिक आजार दिसला. माझ्या ६० च्या वर्गात सरासरीने चार मुलं. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पोर जगण्याबद्दल नको ते बोलायला लागलं तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका, थांबून ऐका, सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी फोन लावा किंवा डॉक्टरकडे न्या.

त्या मुलीला शेवटी तिची आजी घेऊन गेली. वडील नको म्हणत होते, आजी म्हणाली ताप आल्यावर नेतोस का नाही डॉक्टरकडे, मग? दर पंधरवड्याला दोघी एसटीने जिल्ह्याच्या हॉस्पिटलला जायच्या, गोळ्या काही महिने चालल्या, बोलणंही चाललं. एकदा मीही त्याच गाडीत होते. आजीचा उजवा हात गोमुखीत, आत माळेचे मणी सरकतायत, आणि डाव्या हाताने नातीचं मनगट धरलेलं. नात खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी विचारलं, आता ही हरिपाठाला बसते का? आजी म्हणाली, "बसली तर बसली, नाय तर शेजारी आडवी होतीया. मी म्हणतीया की."